आधी गव्हाण, मग कडबा

केशवनगर, मुंढवा, पुणे. पहाटेचे पाच वाजून गेले आहेत. कुंभारवाड्यातल्या भट्ट्या अजून थंड आहेत, पलीकडच्या उंच सोसायट्यांमध्ये तुरळक दिवे लागले आहेत आणि या दोन्हींच्या मधल्या पत्र्याच्या गोठ्यात धारा संपत आल्या आहेत. दुधाचे कॅन मोटारसायकलला लागतात, रतीब घालायला पोरं निघतात. म्हशी आता चाऱ्याची वाट बघत दाव्याला ओढ देत उभ्या आहेत.

दारात कडब्याचा ट्रक उभा आहे. तो करमाळ्याकडून रात्रभर चालून आला आहे. शहरातल्या बऱ्याच रस्त्यांवर दिवसा अवजड गाड्यांना बंदी असते, त्यामुळे चारा रात्रीच येतो. फाल्गुन लागला आहे, रब्बीची ज्वारी नुकतीच निघाली आहे, म्हणून पेंढ्यांना अजून पिवळसर हिरवी झाक आहे. मोहोळच्या संशोधन केंद्रावर निवडलेली मालदांडी ३५-१ ही सोलापूर-नगर पट्ट्यातली जुनी, लाडकी ज्वारी. तिच्या भाकरीइतकंच तिच्या कडब्याचंही नाव आहे. गोड धाट आणि रुंद पाती, त्यामुळे जनावर आवडीनं खातं. गोठ्याचे मालक, ज्यांना इथं सगळे मामा म्हणतात, एक पेंढी सोडून हातात घेतात, धाट मोडून बघतात, नाकाशी नेऊन वास घेतात. माल चांगला आहे. मग ते शेकड्यानं पेंढ्या मोजून घेऊ लागतात.

ट्रकपासून दहा पावलांवर त्यांची आई, इथं सगळ्यांची आजी, खराट्यानं रात्रीची चघळ ओढते आहे. शेणात, मुतात मळलेला कडबा, अर्धवट चावलेली धाटं, तुडवून काळी पडलेली पाती. आजी ते पाटीत भरते आणि उकिरड्यावर टाकते. एक पाटी, मग दुसरी, मग तिसरी. दाराशी पेंढ्या मोजून आत येतात आणि मागच्या बाजूनं तोच कडबा न मोजता बाहेर जातो. दोन्ही दृश्यं एकाच वेळी डोळ्यांसमोर आहेत.

"आई, राहू दे, गडी काढंल," मामा म्हणतात.

"गड्याला किती काढला ते कळत न्हाई. मला कळतं," आजी खराटा न थांबवता सांगते.

गोठ्यात तीन ओळी आहेत आणि तीन तऱ्हेच्या गव्हाणी. पहिल्या ओळीत वडिलांच्या वेळची विटांची गव्हाण. तिची कड जागोजागी ढासळली आहे, काही ठिकाणी ती घोट्याएवढीच उरली आहे. दुसऱ्या ओळीत निळी प्लॅस्टिकची पिंपं उभी कापून आडवी ठेवली आहेत. पुण्याच्या आसपास कुठल्याही गोठ्यात गेलं तर ही पिंपं दिसतात. स्वस्त असतात, हलवता येतात, धुवायला सोपी. तिसऱ्या ओळीत गेल्या पावसाळ्यानंतर बांधलेली सिमेंटची नवी गव्हाण आहे, गुळगुळीत घोटलेली, कोपरे गोल केलेली. आज पहिल्या दोन ओळींचं काय करायचं ते ठरणार आहे. त्यासाठी वेल्डर सकाळी लवकर आला आहे, मोजपट्टी आणि खडू घेऊन. गाभण तपासणीला आलेले पशुवैद्यक डॉक्टरही हात धुऊन तिथंच थांबले आहेत.

मी पहिल्या ओळीपाशी उभा राहतो. गडी एका मुऱ्हा म्हशीपुढे अख्खी पेंढी सोडतो. म्हैस जीभ बाहेर काढते, चार-सहा धाटांना वेढा घालते आणि ओढते. गाईम्हशीला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. ती चारा कापत नाही, जिभेनं धरून खेचते. धाट लांब आहे. अर्धं तोंडात, अर्धं बाहेर. चावताना ती मान वर करते, मागे घेते, आणि बाहेरचं अर्धं धाट तुटून पायांत पडतं. तेवढ्यात पाठीवर माशी बसते. म्हैस झटक्यानं मान वळवते आणि तोंडातला उरलेला घास खांद्यावरून मागे उडतो. तो आता शेणात आहे. म्हैस पुन्हा खाली बघते, पाती निवडून घेते, जाड धाटं नाकानं बाजूला सारते. कड ढासळलेली आहे, तिथून ती बाहेर घसरतात. पुढचं पाऊल टाकताना तिचाच खूर त्यांच्यावर पडतो. घास ओढला, मान मागे, धाट खाली, खूर वर: पेंढी संपेपर्यंत हेच चालू राहतं.

तिसऱ्या ओळीतही तसलीच म्हैस, तसलीच पेंढी. इथं कड उंच आहे, साधारण दीड फुटाच्या वर. धाट तुटलं तरी गव्हाणीतच पडतं. नाकानं सारलेलं धाट गोल कोपऱ्यावरून घरंगळून पुन्हा मधे येतं. मान मागे घ्यायला ती तयार असते, पण गव्हाणीवरचा आडवा पाइप मानेला लागतो आणि ती तिथंच, चाऱ्यावर तोंड ठेवून चावत राहते. खाली पडत नाही असं नाही, पण आजीला इथं मूठभर काड्या गोळा कराव्या लागतात. पहिल्या ओळीतून पाट्या निघतात.

डॉक्टर हिशेब करू लागतात. हा हिशेब प्रत्येक गोठेवाल्यानं आपल्या आकड्यांनी करून बघावा असा आहे. पाचशे किलो वजनाच्या म्हशीला रोज वजनाच्या अडीच ते तीन टक्के, म्हणजे साडेबारा ते पंधरा किलो शुष्क पदार्थ पोटात जावा लागतो. समजा, त्यातले दहा किलो सुक्या चाऱ्यातून येतात. आता एका म्हशीनं रोज फक्त दोन किलो चारा पायाखाली घातला, तर दहा म्हशींचे दिवसाला वीस किलो झाले आणि वर्षाला ७,३०० किलो. दोन म्हशींचा वर्षभराचा सुका चारा उकिरड्यावर गेला.

मामा पेंढ्या मोजायच्या थांबतात. "म्हंजे दोन म्हशी फुकट पोसतोय की मी."

"फुकट नाही मामा, पैसे देऊन," डॉक्टर म्हणतात. "दुधाच्या खर्चातला साठ-सत्तर टक्के खर्च चारा-खुराकाचा असतो. दर आपल्या हातात नाही. पायाखाली जाणारा चारा मात्र आपल्याच हातात आहे."

वेल्डर मोजपट्टी उलगडतो. डॉक्टर एक एक माप सांगतात, तो भिंतीवर खडूनं लिहितो. गव्हाणीचा तळ म्हशीच्या पायाखालच्या जमिनीपेक्षा चार ते सहा इंच वर हवा. त्याहून खाली असला तर जनावर गुडघ्यावर येतं, पुढचे पाय पसरतं, खांद्यावर ताण येतो. फार वर नेला तर चरण्याची ढब मोडते. कुरणात चरताना जशी मान खाली असते तशीच गव्हाणीतही असली की लाळ जास्त सुटते. मोठी दुभती गाय दिवसाला शंभर लिटरच्या वर लाळ गिळते आणि तीच लाळ पोटातली आंबटी आटोक्यात ठेवते. म्हणून भिंतीवर उंच टांगलेली चाऱ्याची जाळी गाईम्हशीला उपयोगाची नाही. तिच्यातून ओढलेला चारा अंगावर, पाठीवर, शेजारणीच्या पायांत पडतो आणि मान वर ठेवून खावं लागतं, ते वेगळंच.

जनावराच्या बाजूची कड साधारण वीस इंच. गव्हाणीची रुंदी दोन ते अडीच फूट, म्हणजे तोंड पलीकडच्या टोकापर्यंत पोचतं आणि चारा दूर ढकलला जात नाही. दर जनावरामागे निदान अडीच फूट जागा, नाहीतर तगडी म्हैस गरिबाला खाऊ देत नाही आणि ढकलाढकलीत चारा सांडतो. तळाला थोडा उतार आणि एका टोकाला बूच असलेलं भोक, म्हणजे धुतलेलं पाणी निघून जातं. मानेवरच्या आडव्या पाइपाची उंची जनावर बघून ठरवायची. मोठ्या होल्स्टीन गाईला साधारण चार फूट, आणि पाइप थोडा पुढे, गव्हाणीच्या बाजूला सरकवून. अगदी कडेवर बसवला तर मानेला गाठी येतात.

"तिरक्या सळ्या टाकू का मधे मधे?" वेल्डर विचारतो. "हडपसरला एकाकडं टाकल्यात."

चांगला प्रश्न आहे. अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी २००३ साली प्रसिद्ध केलेला एक अभ्यास या प्रश्नाच्या जवळ जाणारा आहे. तिकडं वाळलेल्या गवताचे मोठे गोल गठ्ठे मोकळ्या गाईंपुढे ठेवतात. संशोधकांनी चार तऱ्हेच्या साधनांमधून वाया जाणारं गवत तोललं. मधे उलटा शंकू बसवलेल्या गोल साधनातून ३.५ टक्के गवत वाया गेलं, साध्या गोल कड्यातून ६.१, ट्रॉलीसारख्या साधनातून ११.४ आणि पाळण्यासारख्या साधनातून १४.६ टक्के. गवत सारखं आणि कळपही सारखेच. फरक पडला तो साधनाच्या आकारानं. कारणही त्यांनी टिपलं. पाळण्यापाशी गाईंची आपसात झुंज जवळजवळ तिप्पट होती आणि त्या चौपट वेळा आत-बाहेर करत होत्या. गाय जितक्या वेळा तोंड बाहेर काढते तितक्या वेळा तोंडातला चारा बाहेर पडतो.

तिरक्या सळ्यांचा उपयोग तोंड आत ठेवायलाच. सरळ मागे होता येत नाही, तोंड बाहेर काढायला मान वळवावी लागते, म्हणून जनावर आतच चावतं. वेल्डर खूष होऊन खडूनं तिरक्या रेघा मारू लागतो. तेवढ्यात ओळीच्या टोकाची म्हैस मान हलवते आणि तो दोन पावलं मागे सरतो.

ती पंढरपुरी आहे. अंगानं हलकी, आणि शिंगं मात्र तलवारीसारखी लांब, मागे खांद्यापर्यंत पोचलेली. मुऱ्ह्याचं शिंग कानाशी वळून बसतं, ते सळ्यांत अडत नाही. पंढरपुरीचं शिंग सळीत अडकलं आणि ती बिथरली तर शिंग मोडेल, नाहीतर मान.

"हिला सळ्या नकोत, आडवा पाइपही नको," डॉक्टर सांगतात. "कड उंच घ्या, दावं गव्हाणीच्या पुढच्या बाजूला बांधा आणि लांबी बेताची ठेवा. मान मागे जाणार नाही इतकी, बसता येईल इतकी."

वेल्डर त्या जागेपुरत्या रेघा पुसतो. कुणी छापील नकाशा आणून तसाच्या तसा गोठा बांधायला निघालं, तर त्यानं आधी आपल्या दावणीला कोण उभं आहे ते बघावं. मुऱ्हा, पंढरपुरी, संकरित गाय, खिल्लार या सगळ्यांची मान, शिंगं, उंची निरनिराळी.

आता कुट्टी यंत्राची मोटर सुरू होते आणि बोलणं बंद पडतं. गडी पेंढी पुढे सरकवतो, पात्याखालून इंच-दीड इंचाचे तुकडे उडतात, गोड वासाची धूळ पसरते. कुट्टी केली की निवडानिवड कमी होते. पातं आणि धाट एकत्र तोंडात जातं, लांब धाट ओढून पायांत पडायचा प्रश्नच राहत नाही. गव्हाण चांगली नसली तरी कुट्टीनं नासाडी बरीच उतरते, हे इथं कुणालाही विचारा. पण कुट्टीलाही हद्द आहे. पिठासारखी बारीक केली तर जनावर रवंथ कमी करतं, लाळ कमी सुटते आणि दुधाची फॅट उतरते. म्हशीच्या दुधाला भाव फॅटवर मिळतो. इंच ते दोन इंच ठीक. पातं बोथट झालं तर तुकडे होत नाहीत, धाट फक्त चेंगरतं. म्हणून पात्याची धार बघत राहायची.

एक गोष्ट मला दुसऱ्या ओळीत दिसते. पिंपाची कापलेली कड धारदार आहे आणि एका ठिकाणी पिंप हलू नये म्हणून तारेनं खुंटीला आवळलं आहे. तारेचं टोक चाऱ्याकडे वळलेलं आहे. डॉक्टर वाकून ते टोक मागे वळवतात आणि तार आजच काढायला सांगतात. गाईम्हशी घास नीट न चावताच गिळतात, मागाहून रवंथ करतात. खिळा, तारेचा तुकडा चाऱ्याबरोबर सरळ जाळीदार पोटात जाऊन पडतो. ते पोट हृदयाच्या अगदी जवळ असतं. टोचत टोचत तार हृदयाच्या आवरणापर्यंत पोचली की जनावर सहसा वाचत नाही. पेंढ्यांच्या प्लॅस्टिकच्या सुतळीचंही तसंच. तिचा पोटात गोळा होतो. साधन कितीही स्वस्तात मिळो, त्याची कड घासलेली हवी, तार उघडी नको, गंजून सुटणारा पत्रा नको. जुने टायर कापून गव्हाण करणाऱ्यांनी टायरच्या आतली पोलादी तार आठवावी.

गोठ्यामागे शेळ्यांचं खोपट आहे. काळ्या उस्मानाबादी शेळ्या, पाच-सहा करडं. हा आजीचा कारभार. इथं सगळं उलटं चालतं. शेळी झाडपाला वर मान करून खाते, मागच्या पायांवर उभी राहून शेंडा ओढते. आणि जमिनीवर पडलेल्या, लेंडी-मुताचा वास लागलेल्या पाल्याला तोंड लावत नाही. शेळीपुढे चारा जमिनीवर टाकणं म्हणजे तो फेकणंच. आजीनं सुबाभळीच्या डहाळ्यांची जुडी आढ्याला टांगली आहे. शेळ्या तिच्याभोवती गोल उभ्या राहून पाला ओरबाडतात, खाली उरते ती नुसती काडी.

सुक्या चाऱ्यासाठी मात्र जुडी पुरत नाही. वेल्डर इथं इंग्रजी व्ही आकाराची सळ्यांची गव्हाण सुचवतो, पायांवर उभी केलेली. डॉक्टर दोन गोष्टी घालतात. सळ्यांमधली फट एक तर इतकी अरुंद असावी की शेळीचं फक्त तोंडाचं टोक आत जाईल, दीड-दोन इंच. नाहीतर इतकी रुंद की शिंगांसकट डोकं आत जाईल आणि सहज बाहेरही येईल. मधलं माप घातक. करडू डोकं घालतं, शिंगं अडकतात आणि रात्री कुणी बघायला नसतं. दुसरं, सळ्यांखाली पसरट पन्हळ हवी. वरून निसटलेला पाला तिच्यात पडतो, स्वच्छ राहतो आणि शेळ्या तो खातात. करडांनी आत उडी मारून बसू नये म्हणून वर झाकण. मेंढ्या असत्या तर उंच गव्हाण चालली नसती. कुसळं आणि कचरा लोकरीत, डोळ्यांत पडतो.

"आन् ती पन्हळ माझ्या हाताला येईल अशी कर," आजी वेल्डरला सांगते. "रोज झाडायला मला वाकाय होत न्हाई."

हे माप डॉक्टरांच्या यादीत नव्हतं. वेल्डर तिचा हात कुठवर पोचतो ते बघून खुणेची रेघ ओढतो. गव्हाण जनावराच्या मापाची हवी तशी ती रोज झाडणाऱ्याच्या मापाचीही हवी. झाडायला अवघड असलेल्या गव्हाणीत कालचा ओला चारा तळाशी राहतो, आंबतो, बुरशी धरतो आणि मग त्यावर टाकलेल्या ताज्या चाऱ्यालाही जनावर तोंड लावत नाही. पुण्याच्या पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर, हे जास्त होतं. पत्रा गव्हाणीच्या पुढे दोन फूट आलेला नसेल तर पावसाची झड थेट चाऱ्यावर बसते. रोज झाडणं, आठवड्याला धुणं, मधूनमधून चुना लावणं, यांना पैसे फार लागत नाहीत.

उजाडतं. सोसायटीच्या फाटकातून लोक फिरायला बाहेर पडतात. रिक्षा-टेम्पोनं मार्केट यार्डातून फ्लॉवरचा पाला आणि मक्याच्या कणसांची साल येते. शहरातल्या गोठ्याला हा मोठा आधार आहे, पण ओला पाला पायाखाली गेला की तो अर्ध्या दिवसात चिखल होतो. तो चिखल आणि चघळ धुवून काढली की गटारात जाते, गटार तुंबतं आणि तक्रार होते. पुढचं पाणी मुळा-मुठेला मिळतं. गावात उकिरड्याचं खत होऊन शेतात जातं, निदान काही परत मिळतं. इथं शेत उरलेलं नाही. म्हणून शहरातल्या गोठ्यात सांडलेला चारा गावातल्यापेक्षा महाग पडतो: विकत घ्यायला पैसे, आणायला भाडं आणि पुन्हा उचलून टाकायलाही पैसे.

मामा हिशेब पुरा करतात. सगळं एकदम करायला हात पोचत नाही. म्हणून असं ठरतं: पहिल्या ओळीच्या गव्हाणीची कड आधी उंच बांधायची आणि तळ भरून वर घ्यायचा, तोवर त्या ओळीला अख्खी पेंढी न घालता कुट्टीच घालायची, तीही एकदम न ओतता दिवसातून तीन-चार वेळा थोडी थोडी. पिंपांच्या कडा घासून त्यांवर चिरलेला पाइप बसवायचा आणि ती चौकटीत बसवायची, म्हणजे म्हशी ती ढकलणार नाहीत. तिरक्या सळ्या फक्त मुऱ्ह्यांच्या जागी. शेळ्यांची गव्हाण आजीच्या मापानं. आणि प्रत्येक ओळीची चघळ रोज वेगळी तोलायची, आधी आणि नंतर. आजी तोलणार, नात वहीत लिहिणार.

या यादीत तोलणं शेवटी आलं असलं तरी माझ्या मते सगळ्यात मोलाचं तेच आहे. कुठली गव्हाण चांगली हे विकणारा सांगू शकत नाही. ते रोजची चघळ सांगते. ज्यानं ती तोलली नाही तो वर्षानुवर्षं चारा महाग झाला म्हणत राहतो आणि ढासळलेली कड तशीच राहते.

करमाळ्याच्या ज्या शेतकऱ्यानं हा कडबा कापून बांधला, त्याच्या रानात पाऊस बेताचा. १९७२ च्या दुष्काळात याच मुलखात चाऱ्यावाचून जनावरं मेली, २०१९ सालीही अनेक जिल्ह्यांत चारा छावण्या उघडाव्या लागल्या. तिथून दीडशे-दोनशे किलोमीटर आलेली पेंढी पुण्यात खुरांखाली तुडवली जाऊ नये, एवढी काळजी आपण नक्की घेऊ शकतो. पुण्यात ज्यांच्याकडे दोन म्हशी आहेत आणि भोसरीच्या पांजरपोळासारख्या ज्या संस्था लोकांच्या देणगीवर कितीतरी जनावरं सांभाळतात, त्या सगळ्यांना माझी विनंती एकच आहे. चाऱ्याचा पुढचा ट्रक मागवण्याआधी एक आठवडा गव्हाणीखालचा चारा गोळा करून तोला. जो आकडा येईल तो पेंढीच्या भावानं गुणा. गव्हाण दुरुस्त करायला लागणारे पैसे बहुतेक वेळा तिथंच पडलेले सापडतील.